समकालीन ऑस्ट्रेलियन कादंबरी आणि आत्मकथन : एका वाचकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साहित्याची प्राध्यापक नाही आणि समीक्षकही नाही. गेली सोळा वर्षे मेलबर्नच्या पश्चिम उपनगरात राहून पालिकेच्या ग्रंथालयातून पुस्तके आणणारी आणि ती बहुधा दंड भरून परत करणारी मी एक वाचक आहे. गणेशोत्सवात महाप्रसादाच्या रांगेत उभे असताना, नव्याने शिकायला आलेल्या मुलामुलींना स्थानकावरून घरी आणताना, पुण्याच्या मावसबहिणीशी फोनवर बोलताना मला तेच तेच प्रश्न विचारले जातात, म्हणून त्यांची उत्तरे एकदा नीट लिहून ठेवत आहे. मते माझी आहेत. ज्यांना ती पटणार नाहीत त्यांनी पुस्तक वाचून मग भांडावे.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

ग्रंथालयात हा प्रश्न विचारला तर बहुधा टिम विंटन यांची 'क्लाउडस्ट्रीट' हातात ठेवली जाते. मी तारा जून विंच यांची २०१९ साली प्रसिद्ध झालेली 'द यील्ड' सुचवते. ऑस्ट्रेलियातील विराजुरी या मूळनिवासी समाजातील अल्बर्ट गोंडिविंडी हे आजोबा मरणापूर्वी आपल्या भाषेचा शब्दकोश लिहायला घेतात आणि तो वर्णमालेच्या शेवटच्या टोकापासून मागे मागे लिहीत जातात. त्यांची नात ऑगस्ट अंत्यविधीसाठी इंग्लंडहून परत येते तेव्हा त्यांच्या राहत्या जमिनीवर कथिलाची खाण येऊ घातलेली असते. प्रत्येक शब्दाच्या अर्थाऐवजी आजोबा एखादी आठवण सांगतात. कोणी कुठे मासे धरले, कोणाला मिशनच्या वसतिगृहात नेले, कोण परत आले नाही, हे सारे त्या नोंदींत साठत जाते आणि शेवटी जमिनीवरचा हक्क सांगताना हीच भाषा पुरावा म्हणून उभी राहते. इंग्रजीत 'यील्ड' म्हणजे जमिनीतून काढून घेतलेले पीक, तर विराजुरीतील प्रतिशब्दात वाकणे आणि देणे यांचा भाव आहे, असा पेच लेखिकेने शीर्षकातच घातला आहे. मराठीत या पुस्तकाला नाव द्यायची वेळ आली तर मी 'उतारा' असे देईन, कारण एकरी उतारा, पुस्तकातला उतारा आणि सातबाऱ्याचा उतारा हे तिन्ही अर्थ या कथेत एकाच वेळी चालू आहेत. मिशनऱ्याच्या पत्रांचा तिसरा धागा मात्र मला कोरडा वाटला. तो केवळ माहिती पुरवण्यासाठी विणला आहे, हे लपत नाही.

ऑस्ट्रेलियन इंग्रजी जड जाते का?

बोलीभाषा चार पुस्तकांत अंगवळणी पडते. खरी फसगत होते ती आपल्याला आधीपासून येत असलेल्या शब्दांमुळे. 'क्रीक' म्हटले की ठाण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर खाडी येते. येथे क्रीक म्हणजे ओढा, आणि तोही उन्हाळ्यात बऱ्याचदा कोरडा पडलेला. 'स्टेशन'चा बऱ्याचदा रेल्वेशी संबंध नसतो. तो गुरांचा किंवा मेंढ्यांचा प्रचंड मोठा मळा असतो, ज्याच्या फाटकापासून मालकाच्या घरापर्यंत जायला गाडी लागते. 'डॅम' या शब्दाने मला सर्वांत जास्त फसवले. हेलन गार्नर यांच्या 'धिस हाउस ऑफ ग्रीफ' या पुस्तकात एका बापाची मोटार तीन मुलांसह डॅममध्ये जाते, हे वाचताना मी कितीतरी पाने कोयनेसारखी भिंत आणि तिच्यामागचा जलाशय मनात धरून बसले होते. पुढे त्या महामार्गावरून जाताना नवऱ्याने गाडी हळू केली आणि बोट दाखवले, तेव्हा तारेच्या कुंपणापलीकडे दिसले ते एक शेततळे होते, आपल्याकडे शासकीय योजनेत खोदतात तसे, काठाला गवत आणि मधोमध मातकट पाणी. ते प्रकरण मी घरी येऊन पुन्हा वाचले. एवढ्याशा पाण्यात तीन मुले बुडाली, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली.

तुम्ही आत्मकथनाला कादंबरीपेक्षा वरचे स्थान का देता?

कारण या देशातील उत्तम गोरे कादंबरीकार स्वतःविषयी लिहितात तेव्हा अधिक खरे लिहितात, असा माझा अनुभव आहे. ॲबोरिजिनल, म्हणजे येथील मूळनिवासी, कादंबरीकार याला अपवाद आहेत. त्यांच्याविषयी पुढे सांगते.

रिचर्ड फ्लॅनगन यांचे उदाहरण घेऊ. तास्मानियातील फ्रँकलिन नदीवर वयाच्या एकविसाव्या वर्षी त्यांची कयाक खडकांत अडकली आणि ते बुडता बुडता वाचले. हा अनुभव त्यांनी १९९४ मधील 'डेथ ऑफ अ रिव्हर गाइड' या पहिल्या कादंबरीत वापरला. तेथे बुडणाऱ्या नायकाला पाण्याखाली आपल्या पूर्वजांची दृश्ये दिसू लागतात. जवळजवळ तीस वर्षांनी, २०२३ मधील 'क्वेश्चन ७' या आत्मकथनात तोच प्रसंग पुन्हा येतो, आणि या वेळी दृश्ये नाहीत, पूर्वज नाहीत. थंडी आहे, पाण्याचा दाब आहे, आणि सोबत्याचा बाहेरून येणारा आवाज आहे. कादंबरी मी कौतुकाने वाचली होती. आत्मकथनातील ती पाने वाचताना मात्र खुर्चीतून उठून मला खिडकी उघडावी लागली.

याच लेखकाच्या 'द नॅरो रोड टू द डीप नॉर्थ' या कादंबरीला २०१४ चे बुकर मिळाले. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर जपान्यांनी राबवलेल्या युद्धकैद्यांची ती कथा असून फ्लॅनगन यांचे वडील त्याच कैद्यांपैकी एक होते. छावणीतला चिखल, पायांवरची क्षते आणि भाताचे चिमूटभर गोळे यांविषयीचा भाग असा आहे की त्यापुढे बोलता येत नाही. पण डॉक्टर नायकाचे आपल्या काकाच्या तरुण पत्नीशी असलेले प्रेमप्रकरण वाचताना मला सतत वाटत राहिले की चित्रपटासाठी दिवे लावून ठेवले आहेत. 'क्वेश्चन ७' मध्ये लेखक जपानमधील ओहामा येथे, जिथे वडिलांना समुद्राखालच्या कोळशाच्या खाणीत राबवले गेले त्या जागी जाऊन उभा राहतो आणि एक अवघड हिशेब मांडतो : हिरोशिमावर बॉम्ब पडला नसता तर वडील बहुधा जगले नसते आणि आपण जन्मलो नसतो. त्या बॉम्बचा माग काढत तो अणुबॉम्बची कल्पना १९१४ मध्येच कादंबरीत मांडणाऱ्या एच. जी. वेल्स यांच्यापर्यंत आणि ती कादंबरी वाचून पछाडलेल्या लिओ झिलार्ड या शास्त्रज्ञापर्यंत पोचतो. स्वतःच्या अस्तित्वाची किंमत दुसऱ्या कोणी भरली, हे इतक्या सरळपणे मांडायला कादंबरीत पात्र लागते, आणि पात्र आले की लेखकाला सुटायला वाट मिळते.

टिम विंटन यांच्याविषयी तुम्ही एवढ्या थंड का?

थंड नाही, पण अर्धी थंड आहे. त्यांना माइल्स फ्रँकलिन हा येथील मानाचा कादंबरी पुरस्कार चार वेळा मिळाला आहे आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाचा समुद्र त्यांच्याइतका कोणी लिहिलेला नाही, हे मान्य आहे. 'ब्रेथ'मधील लाटांची वर्णने वाचताना पोहता न येणाऱ्या माझ्यासारखीलाही तोल जाण्याची भीती वाटते. परंतु त्यांच्या कादंबऱ्यांतील स्त्रिया बहुधा जखमी असतात किंवा जखम करणाऱ्या असतात, आणि माणसांचे गणित जमेनासे झाले की लेखक समुद्राकडे वळतो. २०१६ मधील 'द बॉय बिहाइंड द कर्टन' या आत्मपर लेखसंग्रहात अशी पळवाट नाही. त्यातील शीर्षकलेखात तेरा वर्षांचा मुलगा पडद्याआड उभा राहून वडिलांची रायफल रस्त्यावरून जाणाऱ्या माणसांवर रोखतो. वडील पोलीस आहेत, घर सुशील आणि धार्मिक आहे, कोणी कोणाला मारत नाही, काहीही घडत नाही. त्या न घडण्यातून मुलगा शब्दांकडे कसा वळला, हे विंटन सांगतात. विंटन यांचे एकच पुस्तक वाचायचे असेल तर मी हे सांगेन.

हेलन गार्नर दुसऱ्यांची दुःखे वापरतात, हे नैतिक आहे का?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर मी दोन वेळा बदलले आहे.

गार्नर यांची पहिली कादंबरी 'मंकी ग्रिप' १९७७ मध्ये आली तेव्हा बाईंनी नुसती आपली रोजनिशी छापली अशी टीका झाली. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी निमूटपणे मान्य केले की होय, ते तसेच होते. मला ही कबुली फार आवडते. नंतरच्या काळात त्यांनी खऱ्या रोजनिश्याच तीन खंडांत प्रसिद्ध केल्या, आणि माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम लेखन तेच आहे. नोंदी दोन-चार ओळींच्या असतात, माणसांची केवळ आद्याक्षरे असतात. बाजारातून आणलेला मासा, ट्रॅममधले भांडण आणि मोडत चाललेले लग्न यांना शेजारी शेजारी जागा मिळते. तिसऱ्या खंडात लेखक नवऱ्याला लिहायला घरात शांतता हवी असते, म्हणून दिवसभर स्वतःच्याच घराबाहेर राहणारी एक प्रौढ, नावाजलेली लेखिका दिसते. ती पाने वाचताना मला माझ्या माहितीतल्या किमान पाच सुशिक्षित मराठी घरांची आठवण झाली.

परंतु 'द फर्स्ट स्टोन' (१९९५) मी आजही क्षमा करू शकत नाही. मेलबर्न विद्यापीठातील एका निवासी महाविद्यालयात दोन विद्यार्थिनींनी प्रमुखांविरुद्ध विनयभंगाची तक्रार केली. त्या मुलींनी गार्नर यांच्याशी बोलायला नकार दिला आणि गार्नर यांनी तो नकार जणू स्वतःचाच अपमान मानून पुस्तक लिहिले. शिवाय खऱ्या एका व्यक्तीला पुस्तकात अनेक व्यक्तींमध्ये विभागले गेले असल्याचे नंतर बाहेर आले. सत्यकथनाचा दावा करणाऱ्या पुस्तकाला हे शोभत नाही, मग त्यामागे कायदेशीर कारणे का असेनात.

'धिस हाउस ऑफ ग्रीफ'मध्ये त्या बदललेल्या दिसतात. मुलांच्या बापावरील खटल्यात त्या वर्षानुवर्षे बसतात, ज्युरींचे थकलेले चेहरे पाहतात, आणि हा अपघातच असू दे अशी स्वतःची इच्छा पुराव्यासमोर हळूहळू कशी मोडत गेली, हे लपवत नाहीत. सुरी स्वतःकडे वळलेली असते तेव्हा मी गार्नर यांच्यावर विश्वास ठेवते. इतर वेळी ठेवत नाही.

अलेक्सिस राइट वाचवत नाहीत. दोष कोणाचा?

माझाही होता. 'कार्पेंटेरिया' (२००६) मी पहिल्यांदा शंभराव्या पानाच्या आसपास सोडली. मोठ्या प्रकाशकांनी नाकारलेली ही कादंबरी जिरामोंडो या छोट्या प्रकाशनाने काढली आणि तिला पुढच्याच वर्षी माइल्स फ्रँकलिन मिळाला, हे कळल्यावर अपराधी वाटून पुन्हा उघडली. या वेळी स्वयंपाक करताना मोठ्याने वाचली, आणि मग लक्षात आले की आपण कादंबरी वाचत नसून आख्यान ऐकत आहोत. कीर्तनकार मूळ कथा सोडून भलतीकडे जातो तेव्हा आपण घड्याळ पाहत नाही, कारण तो परत येणार हे ठाऊक असते. वानी या ॲबोरिजिनल समाजातील राइट अशाच परततात, फक्त त्यांचा फेरा दोनशे पानांचा असू शकतो.

२०२३ मधील 'प्रेझवर्दी' सातशे पानांहून मोठी आहे आणि तिने २०२४ मध्ये प्रामुख्याने स्त्री लेखकांसाठी असलेला स्टेला व माइल्स फ्रँकलिन हे दोन्ही पुरस्कार मिळवले. गावावर एक धूसर ढग येऊन बसला आहे. जगातले इंधन संपल्यावर गाढवांची वाहतूक कंपनी काढून श्रीमंत व्हायचे, या हिशेबाने कॉज मॅन स्टील नावाचा माणूस रानातली मोकाट गाढवे गोळा करत फिरतो. हे वाचून मी खोखो हसले. मग त्याच घरातला धाकटा मुलगा सरकारी प्रचार ऐकून ऐकून स्वतःच्याच समाजातल्या मोठ्यांना घाबरू लागतो. २००७ साली नॉर्दर्न टेरिटरीत मुलांच्या संरक्षणाच्या नावाखाली केंद्र सरकारने जो हस्तक्षेप केला, त्याची ही किंमत आहे. तिथे हसू विरते. पुनरुक्ती फार आहे, आणि एखाद्या कठोर संपादकाने दीडशे पाने काढायला हवी होती असे मला वाटते. परंतु नेमकी कोणती, हे मला सांगता येणार नाही. ज्यांचा धीर होत नसेल त्यांनी 'ट्रॅकर' (२०१७) घ्यावे. लहानपणी कुटुंबापासून तोडल्या गेलेल्या एका कार्यकर्त्याचे हे चरित्र असून ते त्याला ओळखणाऱ्या कितीतरी माणसांच्या आवाजात, ओसरीवर बसून गप्पा माराव्यात तसे सांगितले आहे.

ॲबोरिजिनल आत्मकथने आणि दलित आत्मकथने यांची तुलना करता येईल का?

करता येईल, पण बेताने. 'बलुतं' १९७८ मध्ये आले आणि सॅली मॉर्गन यांचे 'माय प्लेस' १९८७ मध्ये, त्यामुळे काळ जवळचा आहे. दोन्हींत लपवलेल्या ओळखीचा प्रश्न आहे. परंतु दया पवार यांना आपण कोण आहोत हे गावाने जन्मापासून ऐकवले होते. पर्थमध्ये वाढणाऱ्या सॅलीला मात्र घरचेच सांगत होते की शाळेत कोणी विचारले तर आपण भारतीय आहोत असे सांग! आपला देश कोणाच्या तरी लपण्याचे ठिकाण झाला होता, हे वाचून मी चमकले. सरकार मुले काढून नेईल या भीतीने आजी आणि आईने हे खोटे रचले होते. आजी डेझी शेवटपर्यंत काही गोष्टी सांगत नाही आणि मॉर्गन त्या मौनाला कल्पनेने भरून काढत नाहीत, हा या पुस्तकाचा मोठेपणा आहे.

बेहरूझ बुचानी यांचे पुस्तक ऑस्ट्रेलियन म्हणता येईल का?

माझ्या मते म्हणावेच लागेल. बुचानी हे इराणमधील कुर्द पत्रकार. बोटीने आश्रय मागायला आले म्हणून ऑस्ट्रेलियाने त्यांना पापुआ न्यू गिनीतील मॅनस बेटावर डांबले. तेथून त्यांनी फारसीत व्हॉट्सॲपचे संदेश पाठवून 'नो फ्रेंड बट द माउंटन्स' हे पुस्तक लिहिले आणि ओमिद तोफिघियान यांनी त्याचे भाषांतर केले. २०१९ मध्ये त्याला व्हिक्टोरियन प्राइझ फॉर लिटरेचर मिळाले, त्यासाठी निवासाची अट बाजूला ठेवावी लागली आणि लेखक बेटावरच होता. यातील जेवणाच्या रांगेचे प्रकरण मुद्दाम वाचावे. भर उन्हात तासन् तास माणसे उभी आहेत, आणि रोज पहिला नंबर लावणाऱ्या एका कैद्याला इतरांनी गायीचे नाव ठेवले आहे. माणसाला रांगेत उभे करून लहान कसे करता येते, हे रेशनच्या रांगेत वाढलेल्या माझ्या पिढीला वेगळे समजावावे लागणार नाही. मधल्या कविता मला तितक्या भिडल्या नाहीत.

'शांताराम' आवडले का?

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आपल्या बाजूला ऑस्ट्रेलियन साहित्य म्हणजे हेच पुस्तक. मेलबर्नच्या पेंट्रिज तुरुंगातून १९८० मध्ये पळालेल्या ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांनी मुंबईतील वास्तव्यावरून ते लिहिले आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यातील नायक प्रभाकरच्या खेड्यात राहतो, मराठी शिकतो, आणि तेथेच प्रभाकरची आई त्याला शांताराम हे नाव देते. मुंबईत हिंदीवर भागत असतानाही मराठी बोलणाऱ्याला वेगळी दारे उघडतात, हे या परदेशी माणसाला कळले, याचा मला आनंद आहे. परंतु खेडे गुळगुळीत आहे, प्रभाकर हा हसवण्यासाठी आणि रडवण्यासाठी ठेवलेला मित्र आहे, आणि टोळीचा म्होरक्या विश्वाच्या रचनेवर बोलू लागला की मी पाने उलटते. लेखकाने ही कादंबरी असल्याचे म्हटले आहे आणि वाचक आत्मकथन समजून वाचतात. या दोन्हींचा फायदा पुस्तक घेते, हीच माझी तक्रार आहे.

स्थलांतरितांनी लिहिलेले काय वाचावे?

कोलंबोत जन्मलेल्या मिशेल द क्रेत्सर वाचाव्यात. 'थिअरी अँड प्रॅक्टिस' (२०२४) ही एक साधी कादंबरी म्हणून सुरू होते, काही पानांनंतर लेखिका ती सोडून देते आणि १९८६ च्या मेलबर्नमध्ये व्हर्जिनिया वूल्फवर प्रबंध लिहिणाऱ्या मुलीची, आत्मकथनासारखी भासणारी गोष्ट सुरू करते. ज्या लेखिकेला ती आई मानते तिच्याच रोजनिशीत सिलोनमधील एका माणसाविषयी लिहिलेला अपमानास्पद मजकूर तिला सापडतो. आता पुढे काय करायचे? प्रबंधाला याचे उत्तर देता येत नाही. शंकरी चंद्रन यांच्या 'चाय टाइम ॲट सिनॅमन गार्डन्स'ला २०२३ चा माइल्स फ्रँकलिन मिळाला. नावावरून ती दुपारच्या चहासोबत वाचण्याची गोष्ट वाटते, पण आत श्रीलंकेतील यादवी आहे. विषय मोठा असला तरी पात्रे एकमेकांना इतिहास समजावून सांगत बसतात. अरविंद अडिगा यांची 'ॲम्नेस्टी' मला अधिक नेटकी वाटली. सिडनीत कागदपत्रांविना राहणाऱ्या तमिळ सफाई कामगाराला एका खुनाविषयी काही ठाऊक आहे, आणि पोलिसांना फोन केला तर त्यालाच देशाबाहेर काढले जाणार. एका दिवसात सारे आटोपते.

पुरस्कारांवर विश्वास ठेवावा का?

थोडा ठेवावा. माइल्स फ्रँकलिन १९५७ पासून दिला जातो आणि पुस्तकात ऑस्ट्रेलियन जीवनाचे चित्रण असावे अशी त्याची अट आहे. २००९ आणि २०११ मध्ये त्याच्या अंतिम यादीत एकही स्त्री नव्हती. त्या संतापातून २०१३ मध्ये स्टेला सुरू झाला. स्टेला कादंबरी व कथेतर गद्य एकाच तराजूत तोलतो, म्हणून मी आधी त्याची यादी पाहते.

मराठी मंडळींच्या वाचनगटात कोणत्या पुस्तकावर सर्वांत जास्त वाद झाला?

क्रिस्टोस त्सिओल्कस यांच्या 'द स्लॅप'वर (२००८). मेलबर्नमधील एका घराच्या परसात बार्बेक्यू चालू आहे, मुले क्रिकेट खेळत आहेत, आउट झालेला एक लहान मुलगा बॅट सोडायला तयार नाही आणि ती दुसऱ्या मुलावर उगारतो, तेव्हा त्या दुसऱ्या मुलाचा बाप हॅरी त्याला थोबाडीत मारतो. या एका थोबाडीवर पुढे आठ पात्रांच्या नजरेतून कादंबरी उभी राहते. लिखाण ओबडधोबड आहे, शिव्या आणि शरीरसंबंध गरजेपेक्षा जास्त आहेत, पण उपनगरातले ऑस्ट्रेलिया मला इतक्या जवळून दुसऱ्या कोणत्या कादंबरीत दिसले नाही.

आमच्याकडे चर्चा पंधरा मिनिटांत पुस्तक सोडून गेली. पन्नाशीपुढच्या सर्वांचे म्हणणे, चाळीत आम्हाला कोणीही काका मारत असत, काय बिघडले? तिशीतल्या आयांनी चहाचे कप खाली ठेवले. एका गृहस्थांनी आउट झाल्यावर बॅट न सोडणे हाच मूळ गुन्हा असल्याचा निर्णय दिला. मुलाकडे राहायला आलेल्या एक आजी कोपऱ्यात शेंगा सोलत ऐकत होत्या. त्यांनी पुस्तक वाचले नव्हते. निघताना चपला घालता घालता त्यांनी मला विचारले, "तो मारणारा माणूस घरी बायकोलाही मारतो का गं?" हॅरीचे प्रकरण ज्यांनी वाचले होते, ते सगळे गप्प झाले.